ताकदीचं इंजेक्शन

१९ जानेवारी १९५७, शनिवार

आज आबांना परळच्या इस्पितळातून घरी आणलं. आणलं कसलं, त्यांनी घालवलं म्हणून आणावं लागलं. सकाळी मोठे डॉक्टर आले, मागे पाचसहा विद्यार्थी. आबांच्या पोटावर बोटं आपटत पाच मिनिटं इंग्रजीत बोलले. आबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, शेवटी कुणीतरी आपल्याशीही बोलेल अशा आशेने. कुणी बोललं नाही. जाता जाता एका पोरसवदा डॉक्टराने मान वळवली, "तू आता घरी जा. घरचं खा." साठीच्या माणसाला 'तू'!

मी पालिकेच्या प्रसूतिगृहात तीन वर्षं नर्स आहे. इंग्रजी मला समजतं. पोटातला कॅन्सर, पाठीच्या कण्यापर्यंत गेलेला. फार तर दोन महिने. उगाच खाट अडवून ठेवू नये. एवढंच ते बोलत होते.

टॅक्सीत आबांनी विचारलं, "काय बोलला गो मोठा डाक्टर?"

"सूज आहे म्हणाले. उतरेल हळूहळू."

"मंग तेवढ्याला इतकं इंग्रजी कशाला लागलं?"

काळाचौकीला घर येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. माणसाला त्याच्याच देहाबद्दल दोन शब्द खरे सांगायची दानत नाही, आणि हे म्हणे डॉक्टर!

२२ जानेवारी

दुखणं वाढलं. पाठीत कुणी पहार घालून फिरवतंय असं आबा म्हणतात. उशीचा कोपरा दातात धरून पडून असतात. आई त्यांचे पाय चेपते, दुसरं काय करणार.

लालबागच्या दवाखान्यातून डॉ. आगाशे आले. दादरला राहतात, पण इथे वीस वर्षं दवाखाना चालवतात. चार जिने चढून आले, फी घेतली नाही. माणूस चांगला आहे. तपासून म्हणाले, "मॉर्फियाची इंजेक्शनं देऊ. मी लिहून देतो, कौसल्याबाई घरच्या घरी टोचतील. आराम पडेल."

आबांनी विचारलं, "नशा येते काय त्याने?"

"थोडी गुंगी येईल."

"मग नको."

डॉक्टरांना वाटलं, सुईला भितात. ते हसले. आबा हसले नाहीत. म्हणाले, "मी शील घेतलंय डाक्टरसाब. नशा करणार नाय म्हणून. मरताना मोडायला नाय घेतलं."

ज्याने वीस वर्षं पगाराच्या दिवशी गुत्ता चुकवला नाही, त्या माणसाचं हे बोलणं. आईच्या कपाळावरची खूण अजून आहे. पण सात डिसेंबरला, बाबासाहेबांना निरोप द्यायला दादरच्या चौपाटीवर लाखो माणसं जमली, तिथेच आबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. दीड महिनाच झाला, पण आमच्या घराला तो दीड महिना केवढा वाटतो ते आम्हालाच ठाऊक. तेव्हा दुखणं अंगात होतंच. कुणाला माहीत नव्हतं.

तरीसुद्धा मला त्यांचा राग आला. गुत्त्यातली दारू आणि डॉक्टरच्या हातचं औषध एकच का?

२६ जानेवारी

अप्पा आले होते. आमच्या चाळीत बुद्धवंदना तेच घेतात. आबांचे मिलमधले जुने सोबती. त्यांच्याबरोबर आठ-दहा माणसं होती. अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, शील म्हणजे काय ते रामजीने दाखवून दिलं. एवढं दुखतंय, पण डळमळला नाय."

आबांच्या कपाळावरून घाम निथळत होता. दातात उशी होती. त्यांनी मान हलवली.

माणसं गेल्यावर मी अप्पांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "अप्पा, तुम्ही एक शब्द सांगा. औषध म्हणून घेतलं तर शील मोडत नाही, एवढंच. ते तुमचं ऐकतील."

अप्पा म्हणाले, "कौसा, आख्खी चाळ त्याच्याकडे बघतेय. नुकती दीक्षा घेतलेले लोक आहेत, अर्धे अजून संध्याकाळी चोरून पितात. रामजी टिकला तर ते टिकतील."

म्हणजे माझ्या बापाने कण्हायचं, आणि चाळीने सुधारायचं! मी फाडकन बोलले, "तुमच्या पाठीत शिरू दे ती पहार, मग बोला." ते उतरून गेले. मला पश्चात्ताप नाही.

२९ जानेवारी

आज आबा ओरडले. इतके दिवस दाबून धरलं होतं, आज सुटलं. शेजारच्या शेवंतीने आपली पोरं खाली नेली. खाली निवडणुकीची सभा चालू होती, भोंग्यातून संयुक्त महाराष्ट्राचा पोवाडा चालला होता, आणि त्याच्यावरून आबांचा आवाज जात होता.

आई मला म्हणाली, "काय पण दे गो. इख दे, पण दे."

मी डॉ. आगाशे यांच्याकडे पळत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही त्यांना विचारताच कशाला? ताकदीचं इंजेक्शन म्हणून सांगा. व्हिटामिन. आम्ही हेच करतो. रुग्णाच्या भल्याचं असलं की चालतं."

मी एक क्षणही विचार केला नाही. प्रसूतिगृहात मीही बायांना रोज तसंच सांगते. येऊन काचेची सिरिंज उकळली, आबांना म्हटलं, "ताकदीचं आहे. अशक्तपणा फार आलाय तुम्हाला."

"ताकदीचं?"

"हो."

त्यांनी दंड पुढे केला. वीस मिनिटांत त्यांच्या मुठी उघडल्या. दहा दिवसांनी मी त्यांचा चेहरा बघितला, वेदनेशिवायचा. आई भिंतीला टेकून रडली. मी किती बरोबर केलं, हे लिहून ठेवते.

३१ जानेवारी

सकाळ-संध्याकाळ देते आहे. आबांनी आज पेज घेतली, माशाच्या आमटीचे दोन घोट घेतले. इंजेक्शननंतर डोळे मिटून म्हणाले, "ही ताकद लय वळखीची वाटते गो."

मी म्हटलं, "झोपा आता." गुंगीत माणूस काहीही बोलतो.

आईला त्यांनी विचारलं म्हणे, "जाई, ह्या सुयांच्या रिकाम्या बाटल्या कौसा कुठं टाकते?" मी त्या रोज पर्समधून प्रसूतिगृहात नेते. आईने सांगितलं, ठाऊक नाही.

२ फेब्रुवारी

अप्पांनी चाळभर सांगितलंय की शीलाच्या बळावर रामजीचं दुखणं हटलं. काल दोन बाया दर्शन घ्यावं तशा बघून गेल्या. मला हसावं की चिडावं कळेना. पण गप्प बसले. आबाही गप्प होते. इतके गप्प ते कधीच नसतात.

४ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी अप्पा आले, आबांच्या उशाशी बसले. मी सिरिंज भरून आणली. आबा म्हणाले, "थांब गो. आज माजं राहू दे. अप्पाला टोच."

"अप्पांना कशाला?"

"दमा हाय त्याला. चार जिने चढला की धापा टाकतो. येऊ दे त्याला पण ताकद."

अप्पांनी हसत सदऱ्याची बाही वर केली. मी तशीच उभी.

"त्यांच्या प्रकृतीला चालणार नाही ते."

"ताकद कुणाच्या प्रकृतीला चालत नाय?"

अप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सुईकडे, आणि हळूच बाही खाली केली.

आबा उठून बसले. कसे बसले देव जाणे. (आता देव म्हणायचं नाही. तोंडातून जातं.) म्हणाले, "वीस वर्षं प्यालो मी, कौसा. नशा अंगात कुठून शिरते आन कुठवर जाते, ते मला कुणी शिकवू नये. पयल्याच दिवशी कळलं मला. पण घेत राहिलो. का? दुखायचं थांबलं म्हणून. मला पण ती हवी झाली. तो दोष माजा, मी माज्याकडे ठेवतो. पण रोज वाट बघितली, म्हटलं आज सांगल माजी पोर. आज सांगल. नाय सांगितलंस."

"तुमच्यासाठीच केलं ना आबा!"

"माज्यासाठी!" त्यांचा आवाज फाटला. "जल्माला आलो तेव्हा गावाने ठरवलं, ह्याने कुठं राहायचं, कुठलं पाणी प्यायचं. मिलमध्ये जॉबरने ठरवलं, ह्याला विणायच्या साच्यावर घ्यायचा नाय, धागा तोंडाने ओढावा लागतो, बाकीच्यांना बाटंल. बत्तीस वर्षं सूत कातायच्या रिंग खात्यात काढली. इस्पितळात त्या पोराने ठरवलं. उभ्या जल्मात एक गोष्ट ह्या रामजीने स्वतः ठरवली. दादरच्या वाळूत उभा राहून, शुद्धीत, हात जोडून. ती पण तू माज्या दंडातून काढून घेतलीस. आन ताकद म्हणतेस!"

आई मधे पडली, "पोरीला नका बोलू, मीच सांगितलं."

"तू पण नाय विचारलंस."

मी सिरिंज मोरीत रिकामी केली. मला रडू आलं नाही. संताप आला. रात्रंदिवस मी करते, नोकरी सांभाळून करते, आणि मीच गुन्हेगार?

५ फेब्रुवारी

इंजेक्शन नाही. माझ्याशी बोलणं नाही. सकाळपासून कण्हतात. मी पण बोलले नाही. बघू कोण थकतं. असं लिहिलं आणि मग लाज वाटली, पण खोडत नाही.

डॉ. आगाशे म्हणाले, "म्हातारी माणसं लहान मुलांसारखी असतात. झोपेत द्या." त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि पहिल्यांदाच मला कसंतरी झालं. आबा साठ वर्षांचे आहेत. डॉक्टर स्वतः अठ्ठावन्नचे.

७ फेब्रुवारी

आबांनीच हाक मारली. "कौसा, बस हितं. माजं दुखणं काय हाय ते सांग. सूज म्हणालीस तर उठून जा."

मी सांगितलं. कॅन्सर. कुठून कुठे गेला तेही. त्यांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "महिना असेल. कमीही." त्यांनी वरच्या वाशांकडे बघितलं. मला वाटलं, आता खचले. पण म्हणाले, "म्हणजे ते इंग्रजी ह्याचं होतं."

मग त्यांनी आपलं मांडलं, युनियनच्या सभेत मुद्दे मांडायचे तसं. "दुखण्याने मी जनावरागत कण्हतो, त्यात कसली शुद्ध? शील घेतलं ते शुद्धीत राहायला. औषध आन गुत्ता ह्यातला फरक मला समजतो. पण तो फरक मी करणार, तू नाय, डाक्टर नाय, अप्पा पण नाय. दिवसा नको. दिवसा तू मला पेपर वाचून दाखव, इलेक्शनचं काय चाललंय ते ऐकायचं हाय. संध्याकाळी वंदना झाली की मी सांगीन. मी सांगीन तेव्हा. मी नाय बोललो तर नाय."

"आणि फार दुखलं तर?"

"तर जास्त मोठ्याने सांगीन."

आई हसली. कितीतरी दिवसांनी.

अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. "घे बाबा, घे. पण बाहेर बोलू नको." आबा म्हणाले, "मी काय चोरी करतोय?"

१२ फेब्रुवारी

पाव ग्रेन मॉर्फिया पुरत नाही. दोन तासांत असर उतरतो. संध्याकाळी आबा स्वतः म्हणाले, "आज लय दुखतंय, वाढव जरा." मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "नाही. श्वास मंदावतो. उद्या काही झालं तर लोक म्हणतील आगाशेने मारलं."

मी म्हटलं, "ते स्वतः मागतायत."

"पेशंटने मागितलं म्हणून डोस ठरत नसतो."

परवापर्यंत हाच माणूस त्यांना न विचारता द्या म्हणत होता! तेव्हा श्वास नव्हता का मंदावत? फसवायला तयार, पण मागितलेलं द्यायला घाबरतो. मी दवाखान्यातल्या बाकावर ठाण मांडून बसले. म्हटलं, चिठ्ठी मिळेपर्यंत उठणार नाही. औषधाला आलेली माणसं बघायला लागली. दीड तासाने त्यांनी चिठ्ठी लिहिली, अर्ध्या ग्रेनपर्यंत. माझ्याकडे न बघता पुढे सरकवली. मी आभार मानले नाहीत.

१७ फेब्रुवारी, रविवार

काल दुपारी आबांची वाचा गेली. सकाळी पेपर ऐकला होता. "कोण उभा हाय आपल्या वॉर्डात" असं विचारलंही होतं. बारानंतर बोलणं थांबलं, फक्त घशातून आवाज, आणि पाठ कमानीसारखी वर उचलायची. आई म्हणाली, "दे." अप्पा होते, ते म्हणाले, "त्याने सांगितलेलं नाय."

मी सिरिंज भरून उशाशी बसले. सात तारखेला सगळं विचारलं होतं, हे विचारलं नव्हतं. बोलता आलं नाही तर काय करू? एवढी नर्स मी, आणि हाच प्रश्न विसरले. विसरले की घाबरले, कोण जाणे. कानाशी वाकून तीनदा विचारलं, "आबा, देऊ?" डोळे उघडे होते. माझ्याकडे होते का, सांगता येत नाही. पापण्या हलल्या. होकार होता का ते मला आजही कळत नाही, आणि होता असं मी लिहिणार नाही.

साडेतीनला मी मोठ्याने बोलले, अप्पांनाही ऐकू जाईल असं, "आबा, हे मॉर्फिया आहे. अर्धा ग्रेन. तुम्ही सांगितलेलं नाही. मी देते आहे."

दिलं. पाठ हळूहळू खाली टेकली. आईने त्यांचा हात धरून ठेवला होता. पाच वाजता श्वास थांबला.

इंजेक्शनने थांबला की दुखण्याने? डॉ. आगाशे म्हणाले, "तुम्ही काही चूक केलेली नाही." ते असंच म्हणणार. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "सुटला बिचारा." बिचारा नव्हता तो! कुणी पुन्हा तो शब्द काढला तर मी दार लावून घेणार आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार

चाळीच्या अंगणात शोकसभा. दीडशे माणसं. अप्पा बोलले, आणि चांगलं बोलले. माझेही डोळे भरले. मग ते म्हणाले, "शेवटच्या श्वासापर्यंत रामजीने कसलंही औषध घेतलं नाय. शीलाच्या जोरावर वेदनेला जिंकलं, हसत गेला."

मी उठले. उठायचं ठरवलेलं नव्हतं. बायकांच्या बाजूने पुढे गेले. म्हटलं, "हे खोटं आहे. माझे वडील हसत गेले नाहीत. ते ओरडले. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, शेवंतीने पोरं खाली नेली होती. सहा दिवस मी त्यांना फसवून मॉर्फिया दिला. त्यांनी मला पकडलं, अप्पांसमोर जाब विचारला. मग त्यांनी स्वतः विचार केला आणि स्वतः सांगून घेतला. शेवटचं इंजेक्शन मात्र मी दिलं, त्यांनी सांगितलं नव्हतं. त्याचं उत्तर माझ्याकडे मागा. पण त्यांनी जे स्वतः ठरवलं ते झाकून त्यांना मोठं करू नका. ते तसेच मोठे आहेत."

अप्पांचा चेहरा काळवंडला. मागून कुणीतरी "हे इथे बोलायची काय गरज होती" असं म्हणालं. मग अप्पांनी हात जोडले आणि बुद्धवंदनेतली सरणं म्हणायला सुरुवात केली. आवाज बसलेला होता, पण पूर्ण म्हटली. जाताना माझ्याजवळ थांबले. "माझा सोबती होता तो," एवढंच म्हणाले. मला त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. जमलं नाही.

२५ फेब्रुवारी

आज नोकरीवर गेले. एका बाळंतिणीने विचारलं, "कसली सुई आहे?" तोंडात 'ताकदीची' आलं होतं. थांबले. कसली ते सांगितलं. तिने ऐकलं आणि दंड पुढे केला. एवढाच तर वेळ लागतो.

घरी आले तर आई तांदूळ निवडत बसली होती. खाली बघतच म्हणाली, "काल चांगलं बोललीस. पण माजं ऐकून ठेव. मी तुझ्या बापासारखी नाय. माजी येळ आली की मला विचारत बसू नको. पेपर पण वाचू नको. जेवढं लागल तेवढं दे, लवकर दे, आन मला झोपू दे. लय जागली मी त्या माणसापायी."

मी म्हटलं, "नक्की?"

"नक्की म्हंजे? लिव तुज्या वहीत."

म्हणून तिच्या समोर बसून लिहिलं. तिच्या शब्दात लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. 'जेवढं लागल तेवढं' कुठे लिहिलंय ते विचारून तिने त्यावर बोट ठेवलं आणि परत वाचायला लावलं. मग मधेच म्हणाली, "मन बदललं तर सांगीन हां." तेही लिहिलं. मी पेन्सिलने लिहिते, घरात शाई नव्हती; अंगठ्याला तव्याखालची काजळी घेतली.

हा खाली तिचा अंगठा आहे.